मेन रोडची नवी दर्शनी बाजू : पाटी नंतर, आधी जोतं बघा

नाशिकला रविवार कारंज्यावरून मेन रोडला लागायचं आणि गाडगे महाराजांच्या पुतळ्यापर्यंत चालत जायचं, पण पाट्यांकडे अजिबात बघायचं नाही. नजर फक्त उंबऱ्यांवर ठेवायची. या रस्त्यावरचं नूतनीकरण खरं किती आणि रंगरंगोटी किती, हे ओळखायला याहून सोपी परीक्षा नाही. वर सगळीकडे झगमगाटच आहे. खाली मात्र कुठे फुटलेली फरशी, कुठे भिंतीला लोणा, कुठे शटरच्या पट्टीला गंजाची झालर. जिथे वर आणि खाली दोन्हीकडे काम झालंय, अशी दुकानं मोजकीच. पण आहेत, आणि ती बघण्यासारखी आहेत.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्याआधी दुकान ‘करून घ्यायचं’ अशी लगबग सराफ बाजारापासून एम. जी. रोडपर्यंत चालू आहे आणि ‘एलिव्हेशन’, म्हणजे दर्शनी बाजू, ‘करून देतो’ म्हणणारेही भरपूर झालेत. हे परीक्षण त्या कामाचं आहे, कुठल्या एका दुकानाचं किंवा कंत्राटदाराचं नाही, कारण चुका जवळजवळ सगळ्यांच्या सारख्याच आहेत. गुण द्यायचे तर पाट्यांना दहापैकी आठ, काचेला सहा, शटरला पाच आणि जोत्याला, म्हणजे दुकान ज्यावर उभं आहे त्या चौथऱ्याला, तीन. तेही दयाबुद्धीने.

जोत्याचं दुखणं जुनं. डांबराचा जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, कुठे काँक्रीट, कुठे पेव्हर ब्लॉक. रस्ता वर चढत गेला आणि दुकानं होती तिथेच राहिली. वाड्यातल्या ज्या दुकानांना तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या तिथे आता एक उरलीय, आणि काही ठिकाणी तर रस्त्यावरून दुकानात उतरावं लागतं. अशा दुकानात नव्या फरशीचा विषय निघाला की ठरलेला सल्ला मिळतो : जुन्या शहाबादीवरच केमिकल लावून टाइल बसवू, तोडफोड नको. दोन दिवसांत काम होतं, फरशी पाऊण इंच वर येते, सगळे खूश. पण पाणी अडवायला पाऊण इंच कुठेच पुरत नाही, आणि शहाबादीखालच्या मातीतली ओल टाइलच्या सांध्यांतून वर यायची ती येतेच. दुसऱ्या पावसाळ्यात टाइल पोकळ वाजायला लागतात.

काम नीट करायचं तर आधी पातळी बघायची पाण्याची नळी लावा. रस्त्याच्या मध्यावरचा उंचवटा आणि दुकानाच्या मागच्या भिंतीजवळची फरशी, या दोन्हींची पातळी भिंतीवर खुणा करून घ्या. आतली फरशी रस्त्याच्या मध्यापेक्षा किमान सहा इंच वर हवी. जुन्या वाड्यात वरची तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, आधीच खाली असते, त्यामुळे इतकी उंची नेहमी मिळत नाही. मग सगळी फरशी उंच करायच्या भानगडीत न पडता नुसता उंबरा उंच करा आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला दोन इंच रुंद जाळीची चर ठेवा, म्हणजे आत आलेलं थोडं पाणी तिथेच थांबेल. ओट्याला बाहेरच्या बाजूला फुटाला पाव इंच उतार द्या. फरशी काढायचीच असेल तर खालची भुसभुशीत माती काढून मुरूम भरा, धुम्मस करून दाबून घ्या, दगडाचं सोलिंग करा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग चार इंच काँक्रीट. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : भिंत चुन्याची किंवा मातीची असेल आणि फरशी अशी पक्की बंद केली, तर अडलेली ओल भिंतीत चढते. म्हणून भिंतीलगतची सहा इंचांची पट्टी चुना आणि विटांच्या चुऱ्यात बसवलेल्या शहाबादीची ठेवा. दिसायला फ्रेमसारखी छान दिसते आणि ओलीला वाट मिळते.

पायऱ्यांना गुळगुळीत काळा ग्रॅनाइट घालायची फॅशन आहे. काळाराम मंदिर ज्या गावात काळ्या पाषाणात उभं आहे, त्या गावात लांबून आणलेला पॉलिशचा दगड पायरीला लावायचा, आणि मग गिऱ्हाईक घसरू नये म्हणून त्यावर रबरी पायपुसणं अंथरायचं! ग्रॅनाइटच हवा असेल तर फ्लेम किंवा लेदर फिनिशचा, म्हणजे खरखरीत, घ्या, आणि पायरीच्या कडेपासून इंचभर आत तीन समांतर खाचा मारून घ्या. साधा टाकी मारलेला काळा दगड याहून स्वस्त नाही पडणार, पण जास्त चालेल.

आता भिंतीचे खालचे दीड फूट. बोहरपट्टीत किंवा भांडी बाजारात कुठल्याही जुन्या भिंतीला तिथे हात लावून बघा : पुट्टीचा पापुद्रा बोटाने उचलला जातो आणि मागे मिठासारखी पांढरी पूड लागते. हा लोणा. या विटा चुन्यात किंवा मातीत रचलेल्या. जमिनीतली ओल त्यांच्यातून वर चढते, बरोबर क्षार आणते आणि पृष्ठभागावर वाळताना क्षार तिथेच सोडते. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ द्यायचा. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. ती आणखी वर चढते किंवा गिलाव्यालाच ढकलून पाडते. मग कोणी त्यावर वॉटरप्रूफ रंग मारतो, कोणी पीव्हीसीचं पॅनेल ठोकतो. पॅनेलमागे वाळवी आरामात नांदते.

यावर उपाय आहे, फक्त घाई चालत नाही. ओलीचा डाग जिथे संपतो त्याच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढायचा. विटांचे सांधे अर्धा-पाऊण इंच खोल खरवडायचे. क्षार कोरड्या ब्रशनेच झाडायचा. धुतला तर पुन्हा आत जातो. भिंत तीन-चार आठवडे उघडी ठेवून वाळू द्यायची. मग एक भाग मुरवलेला चुना, दोन भाग चाळलेली वाळू, एक भाग सुरखी, म्हणजे विटांची पूड, असा गिलावा. एका थरात अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही. पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा. वर ओली गोणपाटं टांगून दहा दिवस ओलावा टिकवायचा, कारण आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन चुन्याला घट्ट व्हायला वेळच देत नाही आणि केसासारख्या भेगा पडतात. शेवटी चुन्याचीच सफेदी, प्लास्टिक पेंट नाही. गवंडी हमखास म्हणेल, ‘मूठभर सिमेंट टाकू, लवकर धरेल.’ टाकू देऊ नका. ती मूठच सगळं काम वाया घालवते.

लाकडी वाड्यातलं दुकान दोन खणी असेल तर मधला खांब सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. तो काढून सलग बारा फुटांचं शटर किंवा काच हवी असते. लोखंडी गर्डर टाकून हे होऊ शकतं, पण ते कंत्राटदाराच्या अंदाजावर नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आकड्यावर. वरच्या मजल्याचं वजन आधी दोन्ही बाजूंनी टेकूंवर आणि जॅकवर घ्यावं लागतं. गर्डरची टोकं थेट विटांवर न टेकवता खाली काँक्रीटची उशी आणि लोखंडी पाट द्यावा लागतो, नाहीतर मातीतली वीट चुरडते. खांब कापला आणि संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या दारांच्या चौकटी अडकायला लागल्या, तर समजा की तुळई खाली बसली आहे. अशा वेळी काम थांबवून पुन्हा टेकू द्यायचे, ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि तीस वर्षांवरच्या इमारतींना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून दाखला द्यावा लागतो. तो दाखला नसलेल्या वाड्यात खांबाला हात लावणं म्हणजे शेजाऱ्यांच्याही जिवाशी खेळ.

खरं तर मधला खांब ठेवूनच सुंदर काम होतं. तासलेला सागवानी खांब, वर हस्त, म्हणजे आधाराचा कोरीव तुकडा, त्यावर तुळई आणि दोन खणांत दोन काचा. अशा दुकानासमोर माणसं थांबून फोटो काढतात. खांबावर मात्र तैलरंगाचे थरावर थर असतात. ते ग्राइंडरने घासू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, ती धूळ अख्ख्या गल्लीच्या नाकात जाते, शिवाय कोरीव कामाच्या कडा गोल होतात. पेंट रिमूव्हर लावून वर प्लास्टिक गुंडाळून अर्धा तास ठेवायचं, मऊ झालेला रंग लाकडी किंवा बोथट पात्याने काढायचा, कोरीव भागात पितळी तारेचा ब्रश. दोन-तीन वेळा करावं लागतं. पायाशी लाकूड कुजलेलं असेल तर टोचा मारून बघा. टोचा जिथे अडतो तिथपर्यंत कापून, तिरका सांधा देऊन जुन्याच सागाचा तुकडा बसवा आणि खाली थेट जमीन नको, दगडी तळखडा हवा. वाळवीसाठी फूटभर अंतराने बारीक भोकं पाडून औषध सोडतात. ते पॉलिश करण्याआधी, नंतर नाही. रस्त्याच्या बाजूला लाखेचं पॉलिश करून घेऊ नका, पावसाच्या शिंतोड्यांनी पांढरे डाग पडतात. बाहेर चालणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा नुसतं अळशीचं तेल, दोन्ही चालतं. तेल दरवर्षी मारावं लागेल इतकंच.

एसीपीबद्दल, म्हणजे दर्शनीला ठोकतात त्या ॲल्युमिनियमच्या पॅनेलबद्दल, लोकांची मतं टोकाची आहेत. वाईट वस्तू नाही ती, वाईट जागी लावली जाते. आठ बाय चारचा पत्रा, तीन किंवा चार मिमी जाड, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पातळ कातडी आणि मधे प्लास्टिक. दुकानाच्या दर्शनीला चार मिमीचाच घ्या आणि कातडी पाव मिमीची आहे का ते तपासा. स्वस्त पत्र्यात ती निम्म्याहून कमी असते आणि उन्हात पत्रा फुगून लाटा दिसतात. मधलं प्लास्टिक पेट घेतं. मेन रोडच्या बोळांत बंब शिरायला मारामार, त्यामुळे आग रोखणाऱ्या गाभ्याचा, म्हणजे एफआर दर्जाचा पत्रा मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. मागचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असावा. लोखंडी असेल तर वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड मारलाय का हे पत्रा चढायच्या आत बघा. दोन पत्र्यांमध्ये दहा मिमीची फट, तिच्यात फोमची दोरी आणि वर वेदर सिलिकॉन. दोरी वाचवली तर सिलिकॉन फटीच्या तळाला चिकटून वर्षभरात फाटतो. वरची संरक्षक फिल्म काम संपल्यावर लगेच काढा. दिवाळीपर्यंत राहू दे म्हणणाऱ्यांच्या पत्र्यावर ती उन्हाने अशी चिकटते की नखाने खरवडत बसावं लागतं.

सगळ्यांत मोठी चूक मात्र वेगळीच : एसीपीने शटरचा डबा बंद करून टाकणं. रोलिंग शटरची स्प्रिंग आज ना उद्या तुटतेच. त्या दिवशी शटर अर्ध्यावर लटकलेलं, कारागीर शिडी घेऊन आलेला आणि डब्यापर्यंत पोचायला पाटीच फोडावी लागते. डब्यासमोरचा पत्रा चार-सहा स्क्रूंवर उघडणारा ठेवायला खर्च जवळजवळ नाहीच. महावितरणच्या मीटरचंही तसंच. मीटर झाकायचं नसतं. रीडिंग घेणाऱ्याला दिसलं पाहिजे आणि आगीच्या वेळी मेन स्विचपर्यंत हात पोचला पाहिजे. एसीचं बाहेरचं युनिट एसीपीच्या खोक्यात कोंडलं तर गरम हवा परत तेच ओढतं आणि ऐन मे महिन्यात बंद पडतं. समोर जाळी ठेवा, आणि त्याच्या पाण्याची नळी गटारापर्यंत न्या. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नाही.

शटरसाठी अठरा गेजची पट्टी घ्या. वीस गेजची हलकी आणि स्वस्त, पण बाहेरून लाथ बसली तरी वाकते. रुंदी दहा-बारा फुटांच्या वर गेली तर हाताने ओढायचं शटर नको. बेअरिंग आणि गिअरचं किंवा मोटरचं, आणि मोटरचं असेल तर वीज गेल्यावर साखळीने उघडायची सोय हवीच. सगळ्यात खालची पट्टी आणि बाजूच्या चॅनेलचं तळ गॅल्व्हनाइज्ड मागा. गंज तिथूनच सुरू होतो. रंग घरच्या घरी मारण्यापेक्षा पट्ट्या अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगला पाठवल्या तर चार-पाच वर्षं बघायला लागत नाही. सराफांनी आतून आणखी जाळीचं शटर लावलं तर रात्री दिवा चालू ठेवून काउंटरची मांडणी बाहेरून दाखवता येते. रात्री नऊनंतर पत्र्याची अखंड भिंत झालेला रस्ता आणि आतून उजळलेला रस्ता यात फार फरक पडतो, पण हे मेन रोडवर अजून थोड्याच जणांनी ओळखलंय.

काचेचं काम बरं होतंय. बारा मिमीची टफन काच सगळेच लावतात. चूक होते ती मापात. जुनी चौकट कधीच काटकोनात नसते, आणि टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा मोजायची, दोन्ही कर्ण मोजायचे, आणि सर्वात कमी मापातून सहा ते आठ मिमी वजा करून ऑर्डर द्यायची. कुलपाची, हँडलची, पॅच फिटिंगची (काच धरणाऱ्या धातूच्या पकडींची) भोकं आधी ठरवायची. दाराचा फ्लोअर स्प्रिंग म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यातला तेलाचा डबा. दहीपूल, सराफ बाजाराच्या पट्ट्यात तो लावूच नका. तिथे सरस्वती नाल्याचं पाणी जोराच्या पावसात रस्त्यावर येतं आणि तो खड्डा सगळ्यात आधी भरतो. झाकणाखाली चिखल बसला की दार धप्पकन आपटतं, आणि टफन काच खालच्या कोपऱ्यावर आपटली की साखरेसारखी विखुरते. त्याऐवजी ॲल्युमिनियम चौकटीचं दार, बाजूला बिजागऱ्या आणि वर क्लोजर. दिसायला थोडं जुनाट, पण चालतं. साड्यांच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल तर काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म हवी. येवल्याची पैठणी शोकेसमध्ये महिनाभर तशीच राहिली तर घडीवरची बाजू फिकट पडलेली दिसते. आणि काचेवर कमरेपासून डोळ्यांपर्यंत काहीतरी पट्टी, नक्षी, अक्षर असू द्या. स्वच्छ काचेला डोकं आपटणारं गिऱ्हाईक परत येत नाही.

आणि पाट्या. आठ गुण दिलेत ते उगाच नाही. काही वर्षांपूर्वी इथे फ्लेक्सचं राज्य होतं : वर्षात पिवळा पडायचा, कडा सुटून फडफडायच्या. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदीही आहे. मराठी पाटीचा कायदा २०२२ मध्ये कडक झाला : दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही त्यात आली, मराठी देवनागरी अक्षरं पाटीवर सुरुवातीला हवीत आणि इतर कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांची मुदत दिल्यावर बऱ्याच पाट्या बदलल्या. काहींनी इंग्रजी पाटी तशीच ठेवून शेजारी घाईने मराठी स्टिकर चिकटवला. त्या ओळखू येतात. पण ज्यांनी नव्याने अक्षरं करून घेतली, त्यांनी देवनागरीचा एक फायदा नकळत मिळवला. शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकसंध होतो. रोमन अक्षरं सुटी सुटी बसवावी लागतात, प्रत्येकाला वेगळी वायर, वेगळं भोक. देवनागरीत शब्दाला एकच पेटी, वायर आतून, भिंतीत दोनच भोकं. पाणी आत जायच्या जागा तेवढ्या कमी.

तोटा जोडाक्षरांत आहे. अक्षराची जाडी इंचभर तरी हवी, नाहीतर एलईडीचं मॉड्यूल आत मावत नाही. ‘ष’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या आतल्या जागा मग बुजतात आणि रात्री नुसता उजेडाचा गोळा दिसतो. म्हणून जाड आणि उघड्या वळणाचं अक्षर निवडा. डिझाइनची फाइल कापायला जाण्याआधी कागदावर काढून मोठ्याने वाचा. टाइप केलेला मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ॲक्रिलिक कापून झाल्यावर हे दिसलं तर भुर्दंड तुमचाच. दर बहुतेक अक्षराच्या उंचीवर, इंचाला इतके, असा असतो; उंची शिरोरेषेपासून मोजायची की वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून, हे आधी ठरवा. बिलाच्या वेळी वाद याच्यावरच होतात.

आतल्या जुळणीचा हिशोब सोपा आहे. बारा फुटी पाटीत सव्वा वॅटच्या जवळपासचे दोनशे मॉड्यूल बसले तर साधारण अडीचशे वॅट. त्याला अडीचशेचाच पॉवर सप्लाय लावला तर तो गरम होऊन वर्षाच्या आत जातो. ऐंशी टक्क्यांहून जास्त ताण देऊ नये. दोनशे-दोनशे वॅटचे दोन लावा, म्हणजे थोडी जागा राहते आणि एक गेला तरी अर्धी पाटी पेटती राहते. सप्लाय पाटीच्या आत नको, शटरच्या आतल्या बाजूला डब्यात, हात पोचेल असा. रोज पाच तास चालली तर सव्वा युनिटच्या आसपास वीज. पाटीच्या तळाला दोन बारीक भोकं ठेवा, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला. जो कारागीर सगळीकडून सिलिकॉन मारून ‘एकदम पॅक’ करतो तो आतल्या दमटपणालाही पॅक करतो. स्टीलची अक्षरं घेतली तर ३०४ दर्जाची. २०२ चं स्टील दुकानात तितकंच चमकतं, दोन पावसाळ्यांत तपकिरी ओघळ येतात. उजेड पिवळसर की पांढरा? चांदीला पांढरा, पितळेला, तांब्याला आणि सोन्याला पिवळसर. भांडी बाजारात निळसर पांढऱ्या उजेडात तांब्याचे हंडे आजारी दिसतात.

हाताने रंगवलेली पाटीही अजून संपलेली नाही. जस्ताच्या पत्र्यावर प्रायमर, दोन हात एनॅमल, दोऱ्याला खडू लावून फटका मारून आखलेली शिरोरेषेची ओळ आणि मग ब्रश. वरून एक दिवा सोडला की झालं. चांगला पेंटर मिळाला तर छोट्या दुकानाला याहून चांगली पाटी नाही.

दुकान भाड्याचं असेल, आणि इथे जुने भाडेकरू खूप, तर आधी मालकाची लेखी संमती घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम १६ प्रमाणे संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केलं तर जागा खाली करून घ्यायला तेवढं कारण पुरतं. लाकडी पार्टिशन, दार, फॉल्स सीलिंग, एसी बसवणं हे त्यात धरत नाहीत; ओटा वाढवणं, गर्डर टाकणं याची मात्र तशी खात्री देता येत नाही. पायरी आणि पाटी रस्त्याच्या रेषेबाहेर किती येते हेही नगररचना विभागाकडून पाहून घ्या. सिंहस्थाच्या आधी अतिक्रमणाची गाडी फिरणार हे सांगायला ज्योतिषी नको. बाहेर येणारी पायरी लोखंडी चौकटीची, उचलून आत घेता येईल अशी केली तर नुकसान होत नाही.

कामाची वेळ दिवाळी झाल्यावरची. चुना आणि लाकूड जानेवारी-फेब्रुवारीत, पाटी आणि काच मार्च-एप्रिलमध्ये, आणि मृग लागायच्या आत बादलीने पाणी मारून सगळे सांधे तपासायचे. गणपतीच्या आधी पंधरा दिवसांत ‘सगळं करून देतो’ म्हणणारा भिंत वाळू देणार नाही. पैशांचे शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर, हे कागदावर लिहून घ्या. चांगले कारागीर याला नाही म्हणत नाहीत.

सराफ बाजार आणि दहीपुलाकडच्या दुकानांसाठी एक जुनी युक्ती पुन्हा वापरायला हरकत नाही. शटर येण्याआधी दुकानं फळ्यांनी बंद व्हायची. चौकटीच्या खोबणीत एक-एक फळी सरकवायची, प्रत्येकीवर आकडा. तीच खोबण आता उंबऱ्यापासून तीन फुटांपर्यंत, शटरच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या चॅनेलची करून घ्यायची. पुराच्या वेळी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं ही बातमी या गल्लीत सगळ्यांत आधी पोचते. ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरासारखा दिवस असेल तर ती ऐकल्यापासून फळ्या बसवायला दहा मिनिटं पुरतात. फळ्या मरीन प्लायच्या, प्रत्येकीच्या खालच्या कडेला रबराची पट्टी, वरून दोन पाचरी ठोकून दाब. थोडं पाणी झिरपेलच, ते चरीत जाईल. प्लगचे सगळे पॉइंट साडेतीन फुटांच्या वर घेतलेले असले पाहिजेत. फळ्या माळ्यावर टाकू नका, त्या दिवशी शिडी सापडत नाही. काउंटरच्या मागे उभ्या ठेवा, आकडे बाहेरच्या बाजूला करून.